एकाचे नऊ

प्रूफं तपासण्यात वहिनींची बावीस वर्षं गेली होती. छापखाना त्यांच्या धाकट्या दिराचा, म्हणून तिथल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी. मागच्या पुस्तकात त्यांच्या नजरेतून एक चूक निसटली आणि एक गृहस्थ जन्माच्या आधीच वारले. दीर शांतपणे म्हणाले, "आता आणखी एक चूक, वहिनी, की तुम्ही बांधणीत." बांधणीच्या खोलीत कागद वाचायचा नसतो, दुमडायचा असतो.

आज समोर एका निवृत्त गणितशिक्षकांचं पुस्तक होतं. त्यात एक ओळ होती: 'उदाहरणार्थ, १०००१ ही मूळ संख्या आहे.' हस्तलिखितात शेवटच्या आकड्याची शाई पुसट होती. एक म्हणावा तर एक, नऊ म्हणावा तर नऊ. शिक्षकांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना भेटायला बंदी. आणि जुळवलेल्या पानांचा फर्मा बारा वाजता छपाईच्या यंत्रावर चढायचा होता.

"मला एक दिसला, मी एक लावला," खिळे जुळवणारा म्हणाला.

वहिनींनी हे पुस्तक तीनदा वाचलं होतं. मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही. इथं शंभराखालच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्याहून मोठ्यानं भाग गेलाच, तर त्याचा जोडीदार शंभराच्या आतच सापडतो. दोन, तीन, पाच नजरेनंच गळाले. सातापासून त्या कागदावर भागू लागल्या.

सात, अकरा, तेरा. दर वेळी काहीतरी बाकी. कुणाच्याच वाट्याला पूर्ण न जाणारी ही संख्या त्यांना ओळखीची वाटू लागली. एकाहत्तर झाले.

"सतरा जणांनी नाही म्हटलं, वहिनी. एवढ्या नकारांत लोक स्थळं बघायचं सोडतात. तो आकडा एकच आहे!" खिळे जुळवणारा म्हणाला.

वहिनींनी पुढचा भागाकार मांडला. त्र्याहत्तर. एकशे सदतीस वेळा. खाली शून्य.

त्यांनी नवा कागद घेतला, शेवटी नऊ घातला आणि पुन्हा सातापासून सुरुवात केली. सत्त्याण्णवपर्यंत एकदाही शून्य आलं नाही. मग समासात त्यांनी ९ लिहिला.

"लोक दोनाचे चार करतात, तुम्ही एकाचे नऊ!"

तेवढ्यात दीर आले. "बारा वाजून गेले. आणि हस्तलिखितात नाही ते घालायचं नाही, हा नियम तुमचाच ना?"

"हस्तलिखितात 'मूळ' लिहिलंय, भाऊजी. एक घातला तर ती मूळ राहत नाही."

"आणि चुकलात तर?"

"तर घड्या घालीन."

दिरांनी पेन्सिल मागितली. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. उभ्याउभ्या दोनदा केलं. मग नवाचे बावीस भागाकार वरून खाली पाहिले, मधलेच दोन स्वतः करून पाहिले.

"नऊ लाव रे," ते म्हणाले, आणि पुढच्या पुस्तकाची प्रूफं वहिनींच्या टेबलावर ठेवून गेले.