पेलागियाचे गहू

रेथिम्नोच्या बंदरात पर्यटकांचं जहाज लागलं की त्या दिवशी गारिफालियाला काळे कपडे चढवावे लागत. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिनं काळं वापरलं होतं. मग एका सकाळी, "त्या माणसासाठी एवढं पुष्कळ झालं," म्हणत तिनं निळा झगा घातला आणि गल्लीला आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. पण सुनेनं, आर्गिरोनं, धक्क्यावर लेसचं दुकान थाटलं आणि काळं परत आलं. लेस लॉरीतून खोकी भरभरून यायची. दारात काळ्या वेषातली म्हातारी सुई धरून बसली, की तीच लेस हातची वाटायची. गारिफालियाची बोटं संधिवातानं केव्हाच वाकली होती. मांडीवरचा तुकडा दोन उन्हाळ्यांत बोटभरही वाढला नव्हता.

त्या रविवारी मात्र काळे कपडे तिनं आपणहून घातले. थोरली बहीण पेलागिया वारली, त्याचा चाळिसावा दिवस होता. पेलागिया बिनलग्नाची, तिच्या नावानं गहू शिजवणारं दुसरं कोणी नव्हतं. गारिफालियानं गहू उकडून फडक्यावर सुकवले, त्यात अक्रोड, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घातले. वर पिठीसाखरेचा गुळगुळीत थर, त्यावर चंदेरी गोळ्यांचा क्रूस आणि खाली पेलागियाच्या नावाचं पहिलं अक्षर. चर्चमध्ये पाद्रीबाबानं ताटावर प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांना वाटायचं, आणि खाणाऱ्यानं म्हणायचं, ‘देव तिला क्षमा करो.’ जितकी तोंडं, तितकी क्षमा. आणि पेलागियाला ती भरपूर लागणार होती. जीभ मिरचीसारखी, एकदा पाद्रीबाबालाच तिनं जिन्यावरून हाकललं होतं.

ताट घेऊन ती उंबऱ्याशी आली, तर आर्गिरो आडवी.

"कुठं निघालात? जहाज आलंय."

"चाळिसावा आहे पोरी. तासाभरात येते."

"तासाभरात गिऱ्हाईक निघून जाईल. मेलेल्या माणसाला घाई नसते आई, जहाजाला असते. बसा खुर्चीत. ताट मानूसोस नेईल स्कूटरवरून."

मुलगा मानूसोस शेजारच्या कॉफीच्या दुकानात पाय पसरून बसला होता. गारिफालियानं हाक मारली, "अरे, तुझं ढुंगण धुतलंय रे मावशीनं! ऊठ!"

"नेतो गं आई. आधी घंटा तर होऊ दे," तो म्हणाला, आणि त्यानं दुसरी कॉफी सांगितली.

ताट तिच्याशेजारच्या तिवईवर ठेवलं गेलं. जहाजावरची माणसं निवांत हिंडत होती. आइस्क्रीम चाटत होती, दीपस्तंभाचे, मांजरांचे आणि गारिफालियाचे फोटो काढत होती. गवती हॅटवाली एक बाई ताटापाशी थांबली. किती सुंदर, असं काहीतरी म्हणाली आणि बोट दाखवून विचारू लागली. आर्गिरोनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा बाईच्या हातातल्या महागड्या टेबलक्लॉथकडे, आणि ताटात चमचा घातला.

गारिफालिया उठू लागली. आर्गिरोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना तो प्रेमाचा दिसला असता.

"बसा. हसा. दोन चमच्यांनी काय होतंय?"

"प्रार्थना नाही झाली गं त्यावर!"

"तुमच्या बहिणीला देवाचं कधी पडलं होतं?"

दोन चमच्यांवर भागलं नाही. कागदी पेले निघाले. रांग लागली. आधी क्रूसाचा हात गेला, मग अक्षराचा एक पाय. तेवढ्यात वरच्या चर्चची घंटा झाली आणि मानूसोस किल्ली फिरवत आला. त्यानं ताटात डोकावून पाहिलं, उरलेल्यातला एक घास तोंडात टाकला.

"आता काय नेऊ यातलं?" तो म्हणाला. "साखर कमी पडलीय गं." आणि परत खुर्चीत जाऊन बसला.

खाऊन त्यानं म्हणायचं ते म्हटलं नाही. म्हणून ते गारिफालियानं म्हटलं. मग हॅटवालीच्या वतीनं म्हटलं, मग तिच्या नवऱ्याच्या वतीनं. "देव तिला क्षमा करो." ही इथली आभार मानायची रीत असावी, असं समजून हॅटवालीनं ते शब्द अडखळत परत उच्चारले. मागच्यांना गंमत वाटली. हसत हसत, पेला उंचावत, एकेक जण पेलागियासाठी क्षमा मागून गेला.

दुपारी गल्लीतला म्हातारा सिफिस चर्चमधून परतताना दारात थबकला. "पाद्रीबाबानं नाव घेतलं, पण पुढं टेबल रिकामं. बायका म्हणत होत्या, सख्ख्या बहिणीला मूठभर गहू जड झाले." तो पुढं बोलणार होता, पण पेल्यांच्या ढिगाकडे पाहून त्यानं टोपी काढली आणि तसाच निघून गेला.

आर्गिरो खुशीत होती. रिकामं ताट तिनं पुसून तिवईवर उभं केलं.

"लोकांना किती आवडलं बघितलंत? पुढच्या रविवारी मोठं जहाज आहे. असंच एक ताट कराल ना, आई?"

"करीन की," गारिफालिया म्हणाली. तिनं सुई उचलली आणि सुनेच्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं.

"वर अक्षर कोणाचं घालू?"

आर्गिरोचं फडकं हातातच राहिलं. मेलेल्याशिवाय कोणाच्या नावानं हे गहू शिजत नाहीत, एवढं तर तिलाही ठाऊक होतं, तीही याच बंदरात वाढलेली होती. तिनं घाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

समोरून कोणीतरी दोघींचा फोटो काढला.