रस्ता लई निवांत हाय!

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. लोहा आणि अहमदपूरच्या मधल्या एका फाट्यावर आमची शाळा. स्टाफरूमच्या खिडकीतून थेट रोड दिसतो. मधल्या सुट्टीत चहासोबत एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. पूर्वी हसून हसून ठसका लागायचा. आता तेच सांगताना माझं डोकं फिरतं.

कारण समोरच्या माळावर एका कंपनीचं भलंमोठं गोदाम येणार आहे. मंजुरी अजून यायचीय, पण मुरमाचे टिपर आधीच सुरू! गोदाम झालं की कंटेनर धावणार, तेही रात्रंदिवस. आणि आमची निम्मी पोरं रोडपलीकडच्या वाडीतून चालत येतात.

*

हेडसरांनी शाळेसमोर स्पीडब्रेकर मागितला. उत्तर आलं, नियमात बसत नाही. मग वाडीतल्या लोकांनीच मुरूम टाकून एक उंचवटा केला. ओबडधोबड होता, पण टिपर हळू व्हायला लागले!

पुढं जागा बघायला कुणी मोठे पाहुणे येणार होते. सकाळीच जेसीबी आला आणि उंचवटा सपाट करू लागला. आमचे गणिताचे वाघमारे सर धावत गेले.

“अरे, काहून काढून राहिलास?”

“पाहुण्यांच्या कमरेला तरास हाय म्हणं, सर!”

पाहुणे काही आलेच नाहीत. उंचवटा गेला तो गेला.

*

मुक्तामावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. त्यांची नात आरती सहावीत आहे. एक टिपर तिच्या सायकलला इतका घासून गेला की पोरगी नालीत पडली. उजवा हात मोडला. टिपर थांबलासुद्धा नाही. तेव्हापासून शाळा भरताना आणि सुटताना मावशी हातातला झारा ठेवून रोडवर जातात आणि एकेका लेकराचा हात धरून रोड ओलांडून देतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं शाळेत काय घ्यावं? चित्रकला स्पर्धा! विषय, रस्ता सुरक्षा! आरतीनं प्लास्टरमधला हात बाजूला ठेवून डाव्या हातानं चित्र काढलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. खोका उघडला तर आत खेळण्यातला टिपर! पिवळाधमक!

मला असा संताप आला की ते खेळणं त्या कंपनीवाल्याच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटलं. आरतीनं मात्र ते उलटंपालटं करून नीट बघितलं.

“म्याडम, ह्याला बी ब्रेक न्हाई.”

*

हा किस्सा सांगताना हेडसर अजून मान खाली घालतात. रोडवर गाड्या किती धावतात ते मोजायला कंपनीची माणसं आली, ती नेमकी येळवशीला! येळवस म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात. घराघराला कुलूप, शाळेला सुट्टी, टिपरवालेसुद्धा आपापल्या शेतात. रोडवर कुत्रं नाही!

आता या माणसांना “उद्या या” म्हणून सांगायचं की नाही? पण येळवशीच्या दिवशी दारचा माणूस उपाशी ठेवायची आमच्याकडं रीत नाही. हेडसरांनी त्यांना आग्रहानं आपल्या शेतात नेलं. भज्जी, बाजरीचे उंडे, वर गाडगं भरून ताकातली आंबील! आंबील पोटात गेल्यावर कुणाचे डोळे उघडे राहतात? मंडळी कडब्याच्या कोपीच्या सावलीत घोरत पडली. दिवस कलल्यावर उठली आणि जाताना हेडसरांना म्हणाली,

“रस्ता लई निवांत हाय, सर!”

हेडसरांनी वर त्यांना उंड्यांची शिदोरी बांधून दिली!

*

मग गोदामाच्या मंजुरीसाठी जनसुनावणी झाली, आमच्याच शाळेच्या पटांगणात. नांदेडहून साहेब आले. पलीकडच्या हॉटेलात चहा घेतला, गाडी तिथंच लावली आणि रोड ओलांडायला निघाले. टिपरमागून टिपर! साहेब एक पाऊल पुढं टाकायचे, दोन मागं घ्यायचे. फाईल छातीशी धरलेली, सफारी धुळीनं भरलेली. इकडं मांडवात अख्खा गाव ताटकळत बसलेला.

शेवटी मुक्तामावशी उठल्या. पलीकडं गेल्या, साहेबांचं मनगट धरलं, दुसरा हात टिपरला दाखवला आणि पोरांना आणतात तसं त्यांना अलीकडं आणलं.

साहेबांनी घाम पुसला, पाण्याचा घोट घेतला आणि माईक हातात घेतला.

“वाहनांची रीतसर मोजणी झालेली आहे. हा रस्ता अत्यंत निवांत आहे. मुलांना कसलाही धोका नाही.”

आरती पुढच्याच रांगेत बसली होती, गळ्यात हात अडकवून. वाघमारे सर उठले, मी उठले, आम्ही घसा फुटेस्तोवर बोललो. साहेब फक्त “नोंद घेतली” म्हणत राहिले.

सुनावणी संपली. साहेब गेटपर्यंत गेले आणि थांबले. समोर टिपर चालूच. त्यांनी मागं वळून मुक्तामावशीकडं बघितलं.

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“जावा की सायेब. रस्ता निवांत हाय.”

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि ड्रायव्हरला सांगितलं,

“गाडी इकडं गेटवर घेऊन ये.”