मोडनिंबच्या बाजारात सापडलेली मुलगी

गेल्या रविवारी सिद्धरामेश्वराच्या गावी, भवानी पेठेतल्या आमच्या दारात एक जीप येऊन थांबली… सांगोल्याकडची माणसं. पटका बांधलेले बिराप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा सचिन.

ही मंडळी आमच्या सासूबाईंना भेटायला आली होती, आणि सासूबाई आत लसूण सोलत बसल्या होत्या. बेत पुरणपोळीचा, लसणाची गरजच नव्हती. "च्या दे त्यास्नी, येते की," म्हणाल्या, पण उठेनात.

सांगते काय ते. सासूबाईंची आई, गंगूआजी, चार-पाच वर्षांची असताना मोडनिंबच्या बाजारात एका बैलगाडीखाली रडत बसलेली सापडली होती. एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याने तिला घरी नेलं. पुढे त्यांना रेल्वेत काम लागलं, म्हणून ते तिला घेऊन कुर्डुवाडीला गेले.

पोटच्या पोरीसारखं वाढवलं, लग्न लावून दिलं… पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. "टाकून दिलेली" हे गंगूआजींनी जन्मभर ऐकलं, आणि "टाकून दिलेलीची लेक" हे सासूबाईंनी. गंगूआजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दिवाळीत माझी मुलगी अश्विनी पुण्याहून डीएनए टेस्टचा किट घेऊन आली. नळीत थुंकी भरून पाठवायची, आणि आपल्या रक्ताचं कोणी त्या कंपनीच्या यादीत असेल तर ते कळवतात. किंमत मी मुद्दाम विचारली नाही… विचारली असती तर परत करायला लावला असता.

सासूबाई म्हणाल्या, "जल्मात कुनाच्या भांड्यात थुकले न्हाय, आन् आता नात म्हनती थुक. थुकते बाई."

निकालात सगळे फार लांबचे निघाले, एकच जवळचा… हा सचिन. सासूबाईंच्या वडिलांकडचे सगळे आम्हाला माहीत आहेत, त्यांत हा नव्हता. म्हणजे आईकडचाच.

खात्री करायला अश्विनी आणि सचिन सांगोल्याच्या तहसीलमध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बघायला गेले. त्या सगळ्या मोडी लिपीत. तिथे गर्दी जातीच्या दाखल्यासाठी आलेल्यांची. "कुठल्या जातीची नोंद काढायचीय?" असं कारकुनाने विचारल्यावर अश्विनी म्हणाली, "जात नको हो, पणजी हवीय." मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींनी शोधून दिलं… सचिनच्या पणजोबांच्या नावापुढे मुलीचा जन्म होता, वय बरोबर जुळत होतं. तिच्या मृत्यूची नोंद मात्र कुठेच नव्हती.

अश्विनीने बिराप्पांना फोन केला, सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फोनवर न्हाय बोलायचं. समक्ष येतो."

हे ऐकल्यापासून सासूबाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. मी सिद्धरामेश्वरापुढे हात जोडले… कुठलंही कूळ निघू दे देवा, फक्त टाकलेली निघू नये.

शेवटी मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. राम राम नाही, पाणी विचारणं नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "टाकली व्हती, का हरवली व्हती? खरं सांगा."

बिराप्पा उठून उभे राहिले. "अक्का, बसा आदी. आमी मेंढरं घिऊन हिंडनारी मानसं. बापय मानसं मेंढरासंगं फुडं, बाया घोड्यासंगं मागनं. त्या दिवशी माजी आजी फुडल्यांच्यात व्हती, तिला वाटलं पोर मागं घोड्यावर हाय. मागच्यांना वाटलं आईसंगं हाय. मुक्कामाला बगत्यात तर पोर कुनाकडंच न्हाय. माघारी आली, तवर बाजार उठलेला."

सासूबाई बसल्या, पण चेहरा हलला नाही. "आता आसंच सांगनार की तुमी."

बिराप्पा परत खाली बसले.

मग त्यांची बायको बोलली. "वन्सं, आमच्या घरात तुमच्या आईचं सुतकच धरलं न्हाय कुनी. आजेसासू दिवसच घालू दीना. पोर जिती हाय म्हनायची… मरंपतुर तेच. परवा तुमच्या नातीनं फोनवर सांगितलं त्या गेल्यात म्हनून, तवा सगळ्या भावकीनं आंघूळ केली. सुतक धरलं. काल फिटलं."

आणि तिने पिशवीतून हिरवं लुगडं काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "दुखवटा घिऊन आलोय."

आमच्याकडे कोणी गेलं की नातलग घरच्यांना कापडं आणतात, तो दुखवटा. गंगूआजी गेल्या तेव्हा त्यांच्या माहेरचं म्हणून कोणीच आलं नव्हतं, आणि कोणी नाही आलं हे सगळ्यांनी मोजून पाहिलं होतं.

सासूबाई लुगड्याच्या काठावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई उशीर केलासा रे."

"मेंढरामागनं चालत आलो, अक्का," बिराप्पा म्हणाले. "येळ लागतुया की."

आधी सासूबाईच हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, मग आम्ही सगळेच…

दुपारी सासूबाईंनी पोळीवर पोळी मागून घेतली. गंगूआजींचं खरं नाव मायाक्का होतं, हेही जेवतानाच कळलं. सासूबाईंनी ते दोन-तीनदा नुसतंच म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काल कोण पाहुणे हो आले होते?" सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे एरवीही त्या मोठ्यानेच बोलतात. त्या दिवशी मात्र जरा जास्तच मोठ्याने…

"माज्या आजोळची मानसं!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. जाऊ दे की… देवाचे उपकार.