रस्त्यातला मांडव

शर्यत ऐन रंगात असताना ती थांबवून, त्यातल्याच माणसांचा सत्कार तुम्ही कधी केला आहे का? आमच्याकडे करतात. मी पाहिला आहे, आणि अजून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. सभा संपल्यावर उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे काही खटकलं की माझी जीभ आधी सुटते. आई तीच पत्रकं सायकलवरून गावोगाव वाटायची, पण बोलायची कमी. ती नर्स. डोंगरातल्या मढ गावाच्या पलीकडच्या वाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणायचे, तेव्हा ती झोळीबरोबर डोंगर उतरलेली. त्या वाड्यांना दवाखान्याची जीप मिळावी म्हणून नव्वदच्या दशकात डोंगरातली लांब पल्ल्याची सायकल शर्यत सुरू झाली, तेव्हा आईनं पहिलं नाव दिलं. जो शेवटपर्यंत पोचेल, त्याच्याच नावानं लोकांनी कबूल केलेली देणगी जमा व्हायची. सगळ्यांच्या मागून एक टेम्पो यायचा. त्यानं गाठलं की सायकल टेम्पोत आणि देणगी बुडाली. त्या वर्षी आईला घाटात टेम्पोनं गाठलं. पुढे बदल्या, माझी शाळा, आजीचं आजारपण. सायकल माळ्यावर गेली.

मी कॉलेजात गेले तोवर त्या शर्यतीतून आलेली जीप ढकलल्याशिवाय सुरू होईनाशी झाली. नव्या जीपसाठी पुन्हा शर्यत ठरली. आईची पंचेचाळिशी उलटली होती.

"ताई, गुडघ्यांना इचारलंस का?" मामा म्हणाला.

"ते रोजच कुरकुरत्यात. त्यांचं कोण ऐकतंय!"

मढहून पहाटे निघालेली आई खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांपाशी आली तेव्हा ऊन चढलं होतं. मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी सारखी वळून टेम्पो बघत होते. कालव्याच्या कच्च्या वाटेनं घोडेगाव आलं, शिनोली मागे पडली. टेम्पो दिसत नव्हता. आई थांबत नव्हती, पाणीसुद्धा चालत्या सायकलवर पीत होती. आता फक्त चढ राहिला होता.

आणि चढाच्या पायथ्याच्या गावात रस्त्यावर मांडव! या कडेपासून त्या कडेपर्यंत. खुर्च्या, शाली, नारळ, लाऊडस्पीकर. पुढचे सात-आठ सायकलवाले आधीच खुर्च्यांवर बसून पोहे खात होते.

"या, या! बसा. पाहुणे निघालेत घोडेगावातून," एक कार्यकर्ता म्हणाला.

"आमाला जाऊ द्या, भाऊ. मागून टेम्पो येतोय."

"असं कसं? गावाचा मान हाय. नारळ घेतल्याबिगर जायचं न्हाई."

नाही म्हणणं म्हणजे गावाचा अपमान. हे आईला कळत होतं, मला सोसत नव्हतं. मी सरळ माइक हातात घेतला आणि मान, मोठेपणा, झोळीतली बाई असं सगळं सुरू केलं. समोरून कुणी टाळी वाजवली, कुणी ओरडलं, "बास की राव! ही पाहुण्यांच्या वरताण बोलाया लागली!" दोघं-तिघं वाद घालायला पुढे आले. सायकलीपुढे आणखी गर्दी.

"ए, भाषण आवर," आई म्हणाली. तिचा एक पाय पेडलवर होता. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. आई तिला म्हणाली, "मावशी, आज पाहुण्या तुमीच व्हा. द्या नारळ."

म्हातारी हसली. "मी व्हय? लुगडं तरी धड नेसले असते." पण उठली. ताटातला नारळ उचलून तिनं आईच्या हातात ठेवला. "जा बाय लवकर. माजी सून अशीच झोळीत नेली व्हती."

आता कुणाला अडवता येईना. नारळ पिशवीत टाकून आई निघाली. बसलेल्या सायकलवाल्यांपैकी दोघा-तिघांनी धावत येऊन म्हातारीकडून नारळ घेतले. बाकीचे पाहुण्यांसाठी बसून राहिले.

चढावर आईचा वेग माणसाच्या चालीएवढा झाला. मागून टेम्पोचा हॉर्न ऐकू यायला लागला. शेवटच्या वळणावर ती उतरेल असं वाटलं. ती उभी राहून पेडल मारत होती, तोंडानं काहीतरी मोजत होती. तिनं शर्यतीच्या शेवटाची दोरी ओलांडली, आणि मगच टेम्पो तिच्यामागे येऊन थांबला. आत पाच सायकली होत्या, आणि शाली पांघरून, डोक्याला फेटे बांधून बसलेली पाच माणसं. घाम सुकलेली, मान खाली घातलेली. त्यांच्या देणग्या बुडाल्या. पाहुणे आले होते म्हणे, भाषण चांगलं झालं.

आईनं दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्या पाचांना दिला.

तुमच्या गावावरून कुणी कामासाठी धावत जात असेल, तर एवढं करा: मांडव रस्त्याच्या कडेला घाला. पाहुण्यांची वाट बघू नका. तांब्याभर पाणी द्या आणि वाट सोडा.