चिनी म्हातारा आणि तहानलेली म्हैस

सर्व जिज्ञासूंना कळवण्यात येते की, एका प्राचीन चिनी ग्रंथाचा निकाल चौसाळ्यात जनावरांच्या पाण्याच्या हाळावर लागला आहे. ओल्या म्हशींचा वास आला की मला तो दिवस आठवतो. ताओ पंथाचा तो ग्रंथ आमच्या निवृत्त गुरुजींनी मराठीत आणला होता. प्रस्तावना तेवढी अडली होती, कारण तो लिहिला कशासाठी हेच ठरेना. "वैराग्यासाठी," गुरुजी म्हणाले. "न्हाई बे, राज्य चालवायसाठी," त्यांचे लंगोटीयार माजी सरपंच गरजले, आणि हाळाशेजारच्या टपरीवरचा चहा तसाच ठेवून दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. समेटासाठी मी त्या ग्रंथाच्या जन्माची कथा सांगितली, की म्हशीवरून देश सोडून निघालेल्या म्हाताऱ्याला पहारेकऱ्याने वेशीवर अडवलं आणि ज्ञान लिहून घेतल्यावरच सोडलं. प्रस्तावना आजही कोरी आहे, कारण म्हशी पाजणारा गुराखी मध्येच बोलला, "आवो गुर्जी, म्हैस पान्याकडं वढत आसंल, म्हाताऱ्यानं सुटायसाठी दिलं लिहून कायबी!"