पचनवाल्या मॅडमचे सासरे

नर्सिंग शाळेत त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'पचनवाल्या मॅडम' म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. बावीस वर्षं त्या पहिल्या वर्षाच्या मुलींना पचनसंस्था शिकवत होत्या, आणि शिकवणं असं खणखणीत की जेवणाच्या सुट्टीआधीचा तास असूनही कुणाला डबा आठवत नसे.

घास तोंडात गेला की लाळ त्याला भिजवते, पिठूळ पदार्थांचं पचन तिथूनच सुरू होतं. अन्ननलिका घास ढकलत खाली नेते, माणूस आडवा असला तरी नेते. जठर त्याला आम्लात घालून दोन-चार तास घुसळतं. मग लहान आतडं, जिथे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो आणि अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. इथवर आल्या की मॅडम थांबायच्या.

"आणि उरलं काय?"

मुली एकमेकींना कोपरं मारून खाली बघायच्या.

"हसू नका. उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं परत ओढून घेतं. मळ जितका जास्त पडून राहील तितका कोरडा होतो. शेवटी खडा होऊन बसला की त्याच्या कडेकडेनं पातळ झिरपतं. दिसायला जुलाब, आणि असतं काय? बद्धकोष्ठ! तिथे जुलाब थांबवायची गोळी दिलीत की आतडं आणखी सुस्त. म्हणून आधी विचारायचं, मग पोटाला हात लावायचा, मग गोळी. विचारायला जीभ जड होत असेल तर आत्ताच घरी जा."

दर परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न ठरलेला. मागच्या बाकावरची एक मुलगी हे सगळं इतकं सावकाश उतरवून घ्यायची की मॅडमनी तिचं नाव हळूबाई ठेवलं होतं. "हळूबाई, तुमचा घास अजून अन्ननलिकेतच आहे वाटतं," असं म्हटलं की वर्ग खदाखदा हसायचा आणि मुलगी कानापर्यंत लाल व्हायची. मॅडमना यात काही वावगं वाटत नसे. तोंडाळ माणसाला आपलं बोलणं नेहमी गमतीचंच वाटतं.

आता घरचं सांगायला हवं. घरी नवरा, तो फिरतीच्या नोकरीत, आणि सासरे. सासरे शिंपी. उभा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला, पण स्वतःच्या पायजम्याची इस्त्री कधी मोडू दिली नाही. सुनेचं आणि त्यांचं चोवीस वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. ते खोकल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचे नाहीत, ती त्यांच्या खोलीच्या दारातूनच काय ते विचारायची. बाकी सगळं अळीमिळी गुपचिळी.

तीन आठवड्यांपूर्वी ते पायरीवरून घसरले. हाड वाचलं, पण कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावर जबर गोळ्या आणि पडून राहायला सांगितलं. दोनेक आठवड्यांनी एका सकाळी मॅडमनी पाहिलं, तर म्हातारा भिंतीला धरून न्हाणीघरात उभा, आणि एका हातानं पायजमा घासतोय. मॅडमची घाईची वेळ.

"बाबा, जुलाब होतायत का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"थोडंसं," सासरे पाठ न वळवता म्हणाले.

मॅडमनी पर्समधल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. हजारो परक्या माणसांना बेधडक विचारलेला प्रश्न सासऱ्यांना विचारायचा म्हणजे कसंतरीच, असं त्यांच्या मनात आलं होतं. पोटाला हात लावणं तर लांबच.

चौथ्या दिवशी शेजारीण बसायला आलेली असताना सासरे खुर्चीतून उठले आणि खुर्चीवर डाग दिसला. मॅडमचं डोकं फिरलं.

"निदान सांगत तरी जा हो बाबा! लहान मूल आहात का?" त्या शेजारणीदेखत म्हणाल्या, आणि खुर्चीवर प्लास्टिक अंथरलं. त्या दिवसापासून सासऱ्यांचं जेवण कमी झालं. मॅडमना वाटलं, रुसलेत. रुसू देत, येतील ताळ्यावर. तीन दिवसांनी सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली.

वॉर्ड तोच होता, जिथे मॅडमच्या मुली शिकायला असत. मॅडम पाण्याची बाटली भरून परत आल्या तर खाटेभोवती पडदा ओढलेला, आणि आतून हळूबाईचा आवाज.

"आजोबा, जुलाब म्हणजे नुसतं पाणी, की आणखी काही?"

"पाणीच. आपसूक. कळतही नाही."

"आणि त्याआधी नीट, घट्ट असं कधी झालं होतं?"

बराच वेळ गेला. मुलगी गप्प बसून राहिली. सावकाशपणाचा असाही उपयोग असतो.

"सतरा दिवस झाले, बाळ."

"पोटाला हात लावू? हात गार आहे हं माझा."

मॅडम पडद्याबाहेर बाटली छातीशी धरून उभ्या होत्या. सतरा दिवस! घरात त्या रोज दोन वेळा सासऱ्यांशी बोलत होत्या. पाच गुणांचा प्रश्न, उत्तरासकट, त्यांच्या न्हाणीघरात भिंतीला धरून उभा होता आणि त्या घड्याळ बघून निघून गेल्या होत्या.

पोटाचा एक्स-रे बघून डॉक्टर आले. मागोमाग पाच-सहा मुली. "खडा बसलाय, पण आतडं शाबूत आहे. आज एनिमा देऊन मोकळं करू," डॉक्टर म्हणाले आणि हळूबाईनं लिहिलेला कागद उलटताना थबकले. "जुलाब थांबवायच्या गोळ्या? या कुणी दिल्या?"

मॅडमनी तोंड उघडलं, पण त्याआधीच सासरे बोलले.

"मीच घेतल्या. सुनेच्या पर्समधून. न विचारता."

"काय हे आजोबा! घरात एवढी शिकवणारी सून, तिला एका शब्दानं विचारायचं तरी!"

मुली हसल्या. सासरेही त्यांच्याबरोबर हसले, ओशाळं, चोरी पकडल्यासारखं. हळूबाईनं मान खाली घालून लिहून घेतलं: रुग्णाने स्वतः गोळ्या घेतल्या. आणि मॅडम गप्प राहिल्या. हे सांगताना वाईट वाटतं, पण राहिल्या. चांगलं अर्धं मिनिट त्यांनी म्हाताऱ्याला आपल्या चुकीसाठी बोलणी खाऊ दिली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तेव्हा कुठे मॅडम बोलल्या.

"मी दिल्या. न विचारता, न तपासता. ते खोटं बोलतायत माझ्यासाठी."

हसणं थांबलं. डॉक्टर आपलं पेन बघत राहिले. हळूबाईनं लिहिलेल्या ओळीवर एकच रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली नवं वाक्य लिहिलं. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

एनिमाचं सामान आलं. मॅडमनी बाह्या सरसावून हातमोजे घातले.

"तू नको," सासरे म्हणाले.

"बाबा, ती अजून शिकतेय. मला सवय आहे."

"तीच करू दे. तू बाहेर थांब, सूनबाई."

रागाचा शब्द नव्हता. मॅडमनी मोजे उतरवले आणि त्या पडद्याबाहेर आल्या. आत मुलगी सासऱ्यांना डाव्या कुशीवर वळवत होती, मध्येमध्ये काहीबाही विचारत होती, आणि चोवीस वर्षं मोजूनमापून बोललेला माणूस सलग बोलत होता.

"पाणी किती पिता हो आजोबा दिवसाला?"

"पाणी सोडलंच होतं मी. तीन-चार दिवस झाले. प्यायलं की खुर्ची खराब होते ना." थोडं थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "पण हे तिला सांगू नकोस हं बाळ. मनाला लावून घेईल."

"सांगत नाही," हळूबाई म्हणाली.

पडदा कापडाचाच होता. मॅडमना सगळं ऐकू येत होतं.