गणपतीत बघू

नोकरीचा विषय निघाला की माझी बायको विद्यार्थ्यांना एकच उत्तर द्यायची, "गणपतीत बघू."

ती आमच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला हिशेबशास्त्र शिकवायची. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि तिच्याआधी निवृत्त झालो. माघ महिन्यात ती गेली. दुखणं फार लांबलं नाही, एवढंच समाधान लोक मला देतात आणि मी ते घेतो. तिच्यामागे आलेल्या पहिल्या गणपतीत जे झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे. सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

बाहेरच्या माणसाला ते उत्तर टाळाटाळीचं वाटेल. ती टाळाटाळ नव्हती. आमच्या भागात नोकरीची जागा वर्तमानपत्रातून कळत नाही. आधी चिकटलेला माणूस मागच्याला चिकटवतो, अशीच इथली रीत आहे. ही सगळी चिकटलेली माणसं एरवी मुंबईला, पुण्याला, नाहीतर रत्नागिरीतच पण आपापल्या कचेऱ्यांत बंद असतात. ती गावच्या पडवीत मांडी घालून बसलेली सापडतात फक्त गणपतीत.

"कंपन्या काही आपल्या कॉलेजच्या दारात येणार नाहीत," ती म्हणायची, "पण कंपन्यांतली माणसं आठवडाभर इथे करंज्या खात बसलेली असतात. मग आपणच जाऊ की."

म्हणून दर वर्षी आम्ही ओळखीच्या घरी गणपती बघायला जायचो. पुढे ती, मागे छत्री सांभाळत मी. ती हात जोडायची, दूर्वा वाहायची आणि प्रसाद तोंडात टाकता टाकता यजमानाला विचारायची, "तुमच्याकडे हिशेबाला कोण आहे सध्या?" मी गणपतीच्या वर टांगलेली कवंडळाची रानफळं बघत बसायचो. मला ते सगळं जरा अवघड वाटायचं. देवासमोर बसून अशी चौकशी करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

सुरुवातीला एकदा ती फसली होती. मुंबईहून आलेला एक जण म्हणाला, आपण मॅनेजर आहोत, पोरगा पाठवून द्या. हिने पाठवून दिला. पोरगा पिशवी घेऊन पोचला तर मॅनेजर फाटकावर वॉचमनच्या गणवेशात. तो माणूस भला होता. त्याने ना पोराला परत पाठवलं, ना गावात काही कळू दिलं. आपल्या खोलीवर त्याला ठेवून घेतलं आणि शेजारच्या कारखान्यात माल भरायच्या कामाला लावून दिलं. वाणिज्य पदवीधराला खोकी भरताना बघून हिला फार लागलं. त्यानंतर ती म्हणायची, "मुंबईहून येताना कशेडी घाट उतरला की आपल्या प्रत्येक माणसाला बढती मिळते. ती वजा करून बोलायचं." पुढच्या वर्षीपासून ती सरळ पद विचारेनाशी झाली. "तुमच्या टेबलावर काय काय असतं हो?" असं विचारायची. ज्याच्याकडे टेबलच नाही त्याची चुळबुळ तिला लगेच दिसायची, आणि मग ती हसून त्याच्या आईच्या तब्येतीकडे वळायची.

या सगळ्यावरून आमचा वाद होता, आणि तो लग्नाइतकाच जुना होता. माझं म्हणणं असं, की कॉलेजने शिकवावं. चांगलं शिकवावं, पुस्तकं द्यावीत, विचार करायला लावावं. नोकरी मिळवून देणं हे कॉलेजचं देणं नव्हे. एकदा ते देणं मानलं की ज्या पुस्तकातून नोकरी मिळत नाही ते कपाटातच राहील. मी आयुष्यभर तीच पुस्तकं मुलांच्या हातात ठेवायची धडपड करत होतो.

ती पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "तुमचं बरोबर आहे. पण जूनमध्ये आपण गेटवर फलक लावतो, त्यावर काय लिहिलेलं असतं? उज्ज्वल भवितव्य. मग ते कुठे ठेवलंय ते मुलांना दाखवायला नको?"

"फलक संस्था लावते. मी नाही."

"आणि पगार? तो कोण घेतं, संस्था की तुम्ही?"

एकदा मात्र ती हे हसत म्हणाली नाही. "वकिलाच्या मुलाला कॉलेजने काही करायची गरज नसते, त्याला दारं माहीत असतात. जिच्या घरात पदवीच पहिल्यांदा आली, तिला दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा माहीत नसतं. तिला आपण नुसतं प्रमाणपत्र द्यायचं आणि टाटा करायचं?"

यावर मी काहीतरी उत्तर दिलं होतं. काय ते आता आठवत नाही. तिची वाक्यं आठवतात, माझी नाहीत.

श्रावणात एका दुपारी मी ओट्यावर वाचत बसलो होतो. वाचत म्हणजे पुस्तक उघडं होतं. एक मुलगी फाटकाशी येऊन उभी राहिली, हातात पिशवीत दोन चिबूड. हिची विद्यार्थिनी, देवरूखच्या अलीकडच्या एका डोंगरगावातली. हिला शेवटचं बघायला आलेल्या मुलींत ती होती, तेव्हा अंगणात कोपऱ्यात उभी राहून रडत होती. आता पदवीची परीक्षा पास झाली होती.

पाणी प्यायली. इकडचंतिकडचं बोलली. मग खाली बघत म्हणाली, "सर, मॅडम म्हणाल्या होत्या, गणपतीत बघू."

मी पुस्तक मिटलं.

"माझे दोघे भाऊ मुंबईला असतात. खोली घेऊन राहतात. खानावळीचं जेवण बाधतं त्यांना. तर आई म्हणते, तू जा, त्यांना करून घाल. गौरीगणपती झाले की वाडीची गाडी परत निघते ना, तिच्यात माझीपण सीट काढलीय."

"तुला जायचं नाही?"

"भावांना जेवण करून घालायला माझी ना नाही, सर. पण त्यासाठी बीकॉम कशाला केलं मी?" ती एकदम थांबली. "मावशी रत्नागिरीत असते. काम लागलं तर तिच्याकडे राहा, म्हणतात बाबा. नुसतं बसायला नाही ठेवणार."

म्हणजे गाडी सुटायच्या आत काम हवं होतं. तिला मी चहा करून दिला, कॉलेजात विचारतो म्हटलं आणि एसटीला सोडून आलो. चिबूड एकट्याने संपत नाहीत. एक शेजारी दिला.

कॉलेजात आता प्लेसमेंट सेल आहे. खेळाच्या सामानाच्या खोलीवरच ती पाटी लावलेली आहे. आत एक तरुण प्राध्यापक भेटले, बाजूला कॅरमचे बोर्ड रचलेले. त्यांनी मला आदराने बसवलं. "आम्ही मुलांच्या ग्रुपवर लिंक पाठवतो, सर. रोज पाठवतो. पण सगळ्या जागा पुण्या-बंगलोरकडच्या, इथून कोण जाणार?"

"इथल्या जागांचं कोण बघतं?"

ते हसले. "खरं सांगू? मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे. पुढच्या वर्षी असेन की नाही माहीत नाही. मॅडमचं फार ऐकून होतो. कुठे काही कळलं तर मलापण सांगा, सर."

चेष्टा करत होते, पण अर्धीच. मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, मी ज्या देण्याबद्दल घरात एवढे वाद घालत होतो, ते फेडायला संस्थेने एक असा माणूस बसवला आहे ज्याचंच येणं बाकी आहे. जाताना त्यांनी मला पावसात बसस्टॉपपर्यंत सोडलं.

हिने कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळी माणसं तिच्या डोक्यात होती आणि ती गेली तशी तीही गेली. मला एकच आठवला, तिचा जुना विद्यार्थी, रत्नागिरीत कर सल्लागाराचं ऑफिस असलेला. त्याला फोन केला. तो अगदी आपुलकीने बोलला, पण म्हणाला, "सर, आत्ता रिटर्नची एवढी धांदल आहे की मान वर करायला फुरसत नाही. गणपतीनंतर बघू."

गणपतीनंतर गाडी सुटलेली असणार होती.

त्याचं घर पावस गावच्या रस्त्याला आहे, गणपतीत तो तिथेच असतो. एरवी आम्ही तिथे जातच होतो. अडचण वेगळी होती. आमच्या घराण्यात वर्ष झाल्याशिवाय दुसऱ्याच्या गणपतीला जात नाहीत. आमचा गणपतीही या वर्षी धाकट्या भावाने त्याच्याकडे बसवला होता. मी फार देवभोळा नाही. पण ते वर्ष पाळण्यात मला बरं वाटत होतं, हेही खरं. कुणाकडे जायचं नाही, कुणी बोलावायचं नाही. दुपारभर वाडीतून आरत्यांचा, झांजांचा आवाज यायचा, आणि आपण बाहेर आहोत याचं एक रीतसर कारण माझ्याकडे होतं. ते सोडून उठणं मला वाटलं त्यापेक्षा जड गेलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. छत्री या खेपेला माझ्या एकट्यावरच धरायची होती, तरी सवयीने ती डावीकडे कलत होती आणि उजवा खांदा भिजला.

त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा आत आरती चालली होती. मी तुळशीपाशीच थांबलो. आरती संपल्यावर त्याची आई ताट घेऊन दारात आली.

"आवो सर, भायेर का उभे रायलात? आत येवा."

"वर्ष व्हायचंय, काकू. मी इथेच बरा."

तिने आग्रह केला नाही. आत वळून ओरडली, "अरे, खुर्ची दे भायेर! दोन दे!"

तो सोवळ्यातच बाहेर आला, कपाळावर गंध ओलं. पडवीच्या वळचणीखाली आम्ही दोघं बसलो. पुढे पागोळ्यांची धार, आत पाहुण्यांचा गलबला. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं आणि त्यातलं काहीच आठवेना. शेवटी हिचंच वाक्य तोंडातून आलं.

"तुझ्याकडे हिशेबाला कोण आहे सध्या?"

तो मोठ्याने हसला. मग हसू ओसरलं. "मॅडम अश्शाच विचारायच्या," म्हणाला, आणि डोळे पुसायला उपरणं शोधू लागला. मला तिकडे बघवेना. मी पागोळ्यांकडे बघत मुलीबद्दल सांगितलं.

"एक जागा आहे, सर, खोटं नाही सांगत. पण मला मुलगा हवाय. बँकेत पळायचं, व्यापाऱ्यांकडून कागद आणायचे. मुलीला नाही झेपत हे."

"आधी मुलगाच होता ना?"

"तीन झाले."

"ते कुठे गेले?"

"कुठे जाणार? शिकतात माझ्याकडे, आणि हात बसला की जातात मुंबईला. दर वेळी नव्याने सुरुवात. डोकं फिरतं माझं."

मी हुशार बोलणारा माणूस नाही. ही असती तर हे केव्हाच बोलून मोकळी झाली असती, मला तिथे पोचायला वेळ लागला. म्हटलं, "अरे, पण ही मुलगी मुंबईला जायचं नाही म्हणूनच माझ्याकडे आलीय. तिची गाडीत सीट काढून झालीय आणि तिला ती नकोय."

आईने आतून चहा आणून दिला होता तो त्याने बशीत ओतला आणि तसाच धरून राहिला.

"येतं काय तिला?"

"ते मला सांगता येणार नाही. मॅडमना सांगता आलं असतं. तूच विचार तिला."

"गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी पाठवा," तो म्हणाला. "ऑफिस बंद असलं तरी मी येतो. एक महिना बघेन, आधीच सांगतो. मॅडमचं नाव सांगितलंत म्हणून ठेवणार नाही."

"तिलाही ते आवडलं नसतं."

निघताना काकूंनी केळीच्या पानात काहीतरी बांधून माझ्या पिशवीत घातलं. प्रसाद नव्हे, म्हणाल्या, नैवेद्य दाखवायच्या आधीचं काढून ठेवलंय. घरी येऊन उघडलं तर करंज्या होत्या.

वाडीची गाडी ठरल्या दिवशी सुटली. संध्याकाळी मुलीचा फोन आला, मावशीकडे जाताना स्टँडवरूनच, मागे कंडक्टरच्या हाका ऐकू येत होत्या. आदल्या दिवशी तिने ऑफिसात बसून दोन व्यापाऱ्यांची बिलं लावून दाखवली होती. सोमवारपासून यायला सांगितलं होतं.

"आणि भाऊ?"

"रागावलेत थोडे. आईने शेवटी दोघांना भात आणि आमटी शिकवली उभं करून. माझ्या सीटवर तांदळाचं पोतं आणि नारळ बसवलेत, सर. पट्टा लावून."

आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "मॅडम..." आणि पुढे तिला बोलता आलं नाही. मी म्हटलं, सोमवारी वेळेवर जा.

फोन ठेवल्यावर घर होतं तसं झालं. ही बातमी ज्या माणसाला सांगायची तेवढंच माणूस नव्हतं. ती आधी विचारती, "खुर्ची दिली का बाहेर? की उभ्याउभ्याच?" मग विचारती, "आता तरी पटलं?"

नाही, पूर्ण पटलेलं नाही. एका मुलीला काम लागलं ते एका म्हातारीने अंगणात खुर्ची टाकली आणि तिच्या मुलाकडे हाताखालची माणसं टिकत नव्हती म्हणून. त्यात कॉलेज कुठे आलं? आणि ज्या मुली माझ्या फाटकापर्यंत आल्या नाहीत त्यांचं काय? हे मी स्वयंपाकघरात, करंजी बशीत घेऊन, जवळजवळ मोठ्याने म्हणालो. त्यावर ती म्हणाली असती, "तेच तर मी इतकी वर्षं म्हणतेय. त्यांचं काय?"

तिची बाजूही आता मलाच मांडावी लागते. ती मी माझ्या बाजूपेक्षा बरी मांडतो.

गेल्या आठवड्यात त्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा फोन होता. एका मुलाला बागायतदारांच्या संस्थेत हिशेबाचं काम हवंय, तुमच्या कुणी ओळखीचं आहे का? मी म्हटलं, बघतो. पुढचा गणपती यायला अजून खूप अवकाश आहे. तोवर वर्षही झालेलं असेल, मग आत जाऊन बसावं लागेल.